पहारेकऱ्याचा धनी कोण?

श्रोतेहो, रात्री उशिरा घरी परतताना आपल्यासाठी फाटक उघडणारा जो माणूस असतो, त्याचा पगार कोण देतो, हे आपणांपैकी किती जणांस ठाऊक असेल? त्याच्या खांद्यावरच्या पट्टीवर एजन्सीचे नाव ठळक असते. आम्ही कामगार चळवळीत आयुष्य घालविले. गेटसभेला गेलो की आमच्या तोंडावर फाटक लावणारा पहिला माणूस हाच. त्यामुळे आम्हीही त्याला बराच काळ मालकाचा माणूस मानीत आलो, हे कबूल केले पाहिजे. एकदा सभा आटोपल्यावर असाच एक रखवालदार जवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, आतल्यांची युनियन आहे. आमची कुठं?" त्याला उत्तर देण्यासाठी आम्हांस जो इतिहास धुंडाळावा लागला, तो आज आपणांपुढे ठेवतो. शाळा आमची लवकर सुटली. तेव्हा विद्वानांनी सांभाळून घ्यावे.

रखवालीचा धंदा आपल्याकडे नवा नाही. गावगाड्यात जागल्या होता, रामोशी होता. राखणीच्या बदल्यात त्याला गावाकडून हक्काचे धान्य मिळे, कुठे इनाम जमीन असे. चोरी झाली तर माग त्यानेच काढायचा, आणि नाही लागला तर भरपाईचा बोजाही त्याच्याच माथी. जन्माने गळ्यात पडलेले हे काम गोड होते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु हा राखणदार कोणाचा, हे अख्ख्या गावाला माहीत असे. १८१८ साली पेशवाई गेली आणि रामोशांचे किल्ले राखण्याचे जुने हक्क बुडाले; उमाजी नाईकांच्या बंडाच्या मुळाशी हे दुखणे होते. १८३२ साली त्यांना पुण्यात फाशी दिले. आणि गंमत अशी की, पुढे त्याच पुण्यात साहेबलोक आपल्या बंगल्यावर चोरी होऊ नये म्हणून रामोशीच पहाऱ्याला ठेवीत!

मुंबईच्या गिरण्यांच्या दारांवर दरवान आले, पठाण आले, गुरखे आले. गिरणीच्या हजेरीपटावर ज्याचे नाव असे, त्याचा धनी समोर दिसे. मध्ये कंत्राटदार शिरला तेव्हा हा धागा तुटला. कारखानदार एजन्सीला बिलाचे पैसे देतो, एजन्सी रखवालदाराला पगार देते, आणि या दोहोंतील फरकावर एजन्सी चालते. रजा मागितली तर एजन्सी म्हणते, कंपनीला विचार; कंपनी म्हणते, तू आमचा नव्हेस.

या प्रश्नाला दिल्लीने एकदा हात घातला होता. १९७० साली कंत्राटी कामगारांचा कायदा झाला. त्याच्या आधारे ९ डिसेंबर १९७६ रोजी केंद्र सरकारने, आपल्या अखत्यारीतील आस्थापनांच्या इमारतींची झाडलोट, साफसफाई आणि राखण यांसाठी कंत्राटी माणसे लावण्यास मनाई केली. कंत्राट गेले, मग माणूस कोणाचा? १९९६ साली एअर इंडियाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, मूळ मालकाचा. पाचच वर्षांनी, ३० ऑगस्ट २००१ रोजी, पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी तो निर्णय फिरविला, आणि १९७६ ची अधिसूचनाही रद्द केली. म्हणजे पंचवीस वर्षांनी पहारेकरी पुन्हा फाटकाबाहेर.

महाराष्ट्राने मात्र वेगळी वाट काढली होती, आणि आमच्या मते ती अधिक शहाणपणाची होती. तिचा उगम गोदीत आहे. आज या बोटीवर तर उद्या त्या, अशा गोदी कामगाराला कायमचा धनी कसा मिळावा? १९४८ च्या कायद्याने त्याची नोंदणी मंडळाकडे करण्याची सोय झाली. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीमुळे १९६९ साली माथाडी-हमालांचा कायदा आला, तोही याच धर्तीवर. आणि १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांचा कायदा झाला. सुरक्षा रक्षकाने मंडळात नाव नोंदवायचे, कारखान्यानेही नोंदवायचे. पगार आणि त्यावर ठरावीक टक्के लेव्ही कारखान्याने मंडळात भरायची. मंडळाने पगार द्यायचा, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा, ग्रॅच्युइटी भागवायची. मंडळावर सरकार, मालक आणि रक्षक या तिघांचे प्रतिनिधी. एका जागी काम संपले तरी नोंदणी टिकते, माणूस रस्त्यावर पडत नाही. कंत्राटदाराचा नफा जिथे होता, तिथे रक्षकाचा फंड आला.

एजन्सीवाले अर्थातच कोर्टात गेले. कायदा टिकला, पण त्यात २३ वे कलम आहे. ज्या रक्षकांना कायद्यापेक्षा एकंदरीत कमी नाहीत असे लाभ मिळतात, त्यांना सरकार सूट देऊ शकते. या खिडकीतून पुष्कळ एजन्स्या बाहेर पडल्या. लाभ कागदावर मोजले जातात, आणि कागद एजन्सीच लिहिते.

याच सुमारास, १८ जानेवारी १९८२ रोजी, गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढे कित्येक गिरणीकामगारांनी खाकी किंवा निळा गणवेश चढविला. ज्या हातांनी माग चालविले, ते हात गिरणीच्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतींच्या फाटकांवर पावत्या फाडू लागले. यावर अधिक बोलवत नाही.

२००५ साली एजन्स्यांसाठी केंद्राचा कायदा आला. त्याखालच्या आदर्श नियमांत रक्षकाची उंची १६० सेंटिमीटर, छाती ८० सेंटिमीटर, शिक्षण १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष कामावर, असे सारे मोजून दिले आहे. पण त्याचा रोख एजन्सीच्या परवान्यावर आहे. मंडळासारखा धनी काही त्यातून मिळाला नाही.

आता त्या रखवालदाराकडे वळतो. आम्ही त्याला विचारले, ड्युटी किती तासांची? म्हणाला, बारा. रिलीव्हर आला नाही तर डबल. पॉइंट सोडला तर खाडा. गणवेशाचे पैसे पगारातून कापलेले. मस्टर पाहिले तर त्यावर रोज आठच तास! आम्ही म्हटले, पुरावा काय? दुसऱ्या दिवशी त्याने मुलीची जुनी शाळेची वही आणून दिली. तीत तीन वर्षांच्या रात्री, येण्याजाण्याच्या वेळांसह, पेन्सिलीने लिहून ठेवल्या होत्या. त्या वहीची नक्कल अर्जाला जोडली. एजन्सीच्या वकिलाने पहिल्याच तारखेला विचारले, हे अक्षर कोणाचे? रखवालदार उभा राहिला आणि म्हणाला, "माझं. जागं राहायचा पगार घेतो, साहेब. लिहायला वेळ होता."