नादारीला पर्याय : पडघा परिसरातील ऋणकोंच्या संदर्भात

भिवंडी तालुक्यातील पडघा हे मुंबई-आग्रा मार्गावरील बाजाराचे गाव होय. सभोवार भाताची खाचरे, पूर्वेस शहापूरचा जंगलपट्टा, आणि परिसरात कुणबी, आगरी, ठाकूर, वारली व कातकरी यांची वस्ती. अशा प्रदेशातील कर्ज एकाच मापाने मोजता येत नाही. काही मुद्रांकित रोख्यावर लिहिलेले, काही सावकाराच्या वहीत केवळ नावे टाकलेले, तर काही धान्यात घेऊन श्रमाने फेडावयाचे. कर्जात बुडालेल्या माणसास कायद्याने कोणती वाट दाखविली, याचा विचार या तिन्ही प्रकारांचे भान ठेवूनच करावा लागतो.

नादारीची वाट कागदोपत्री खुली होतीच. १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यान्वये ५०० रुपयांचे देणे असलेल्या, अथवा हुकूमनाम्यापायी अटकेत वा जप्तीत सापडलेल्या, ऋणकोस न्यायालयाकडे अर्ज करता येई. त्याची मिळकत न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या हाती जाई, धनकोंमध्ये वाटणी होई आणि यथावकाश ऋणको मुक्त होई. त्याच कायद्यात तडजोडीचीही सोय होती. मात्र तीस संख्येने बहुसंख्य व रकमेने तीन चतुर्थांश धनकोंची संमती आवश्यक असे. ही सारी रचना ज्याचे भांडवल वहीखात्यात सामावते आणि जो नव्याने दुकान मांडू शकतो अशा व्यापाऱ्यास सोयीची आहे. शेतकऱ्याचे भांडवल म्हणजे त्याची जमीन. ती देऊन मिळालेली ऋणमुक्ती त्याच्या काय कामाची?

ही अडचण इंग्रज सरकारच्या ध्यानी फार पूर्वीच आली होती. १८७५ साली सुप्याहून सुरू झालेल्या दंग्यांनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी केलेल्या या कायद्याची अनेक कलमे विसाव्या शतकाच्या आरंभी इलाख्यातील अन्य जिल्ह्यांनाही लागू झाली. त्यात शेतकऱ्यांसाठी ५० रुपयांच्या देण्यापासून नादारीची स्वतंत्र तरतूद होती, पण कायद्याचे खरे बळ इतरत्र होते. न्यायाधीशाने रोख्यावरील आकड्यावर न थांबता व्यवहाराच्या मुळापर्यंत जावे, मुद्दल व व्याज यांचा हिशेब वेगळा मांडावा, देणे हप्त्यांनी फेडू द्यावे, अशी त्याची आज्ञा होती. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्यास कैद करता येत नसे आणि विशेष रीतीने गहाण न टाकलेली जमीन विकता येत नसे. व्याज मुद्दलाहून अधिक वसूल न व्हावे, हा दामदुपटीचा जुना धर्मशास्त्रीय नियम तर इलाख्यातील न्यायालये हिंदू ऋणकोंच्या बाबतीत पाळीतच होती. कैदेचे भय गेले आणि जमीनही बव्हंशी सुरक्षित झाली, तेव्हा नादार म्हणवून घेण्यात शेतकऱ्यास लाभ तो काय उरला?

सावकारानेही यातून आपला धडा घेतला. गहाणखताऐवजी तो खरेदीखत लिहून घेऊ लागला. परत करण्याचे वचन मात्र तोंडीच राही. म्हणून पुढे कायद्यास, वरून विक्री दिसणारा व्यवहार वस्तुतः गहाणच होता हे तोंडी पुराव्याने दाखविण्याची मुभा द्यावी लागली. संरक्षण जितके कडक, तितका कागद लबाड, असा हा क्रम पुष्कळ काळ चालला. कायद्याच्या टीकाकारांनी शेतकऱ्याची पत आटल्याचा जो आक्षेप घेतला, तो सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही.

१९३९ च्या मुंबई शेतकरी ऋणनिवारण कायद्याने हे काम कर्ज तडजोड मंडळांकडे दिले; १९४७ च्या कायद्याने ते पुन्हा दिवाणी न्यायालयांकडे आणले. एकूण १५,००० रुपयांपर्यंतचे देणे असलेल्या शेतकऱ्याची फेडण्याची ताकद ठरवून, देणे त्या मानाने कमी करून वार्षिक हप्ते बांधून द्यावयाचे, अशी त्यातील योजना होती. विशेष म्हणजे अर्जाची मुदत धनकोसही बांधील होती. ज्या देण्याबद्दल मुदतीत कोणाचाच अर्ज आला नाही, ते देणे नष्ट होई. गप्प बसण्याची किंमत ऋणकोऐवजी सावकाराने मोजावी, ही कल्पना नादारीच्या कायद्यात कोठेही आढळत नाही.

परंतु या कायद्यातील ‘ऋणको’ म्हणजे जमीन कसणारा. ज्याच्यापाशी हाताखेरीज काही नाही, तो कातकरी वा ठाकूर मजूर या व्याख्येबाहेरच राहिला. पावसाळ्यात खावटीचे धान्य घ्यावे आणि सुगीला ते दिढीने परत करावे. लग्नासाठी पैसे घेऊन पतिपत्नींनी धनकोकडे राबावे, म्हणजेच ‘लग्नगडी’ व्हावे. अथवा वीटभट्टीची उचल घेऊन साऱ्या मोसमाचे श्रम आधीच बांधून टाकावे. ठाणे जिल्ह्यातील लग्नगडी पद्धतीची नोंद डी. सिमिंग्टन यांनी १९३०-४० च्या दशकाच्या अखेरीस आदिवासी व डोंगरी जमातींवरील सरकारी अहवालात केली होती. येथे तारण जमिनीचे नसून देहाचे असल्यामुळे हप्ते, हिशेबाची फेरतपासणी व मिळकतीची मोजणी ही सर्व साधने निरुपयोगी ठरत.

या वर्गापर्यंत कायदा पोहोचण्यास १९७५ साल उजाडावे लागले. २२ ऑगस्ट १९७५ हा नियत दिवस ठरवून महाराष्ट्र ऋणमुक्ती कायद्याने अल्पभूधारक, भूमिहीन मजूर, ग्रामीण कारागीर व अल्प उत्पन्नाचे कामगार यांची सावकारी देणी रद्द केली. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने श्रमाने फेडावयाचे देणेच बेकायदा ठरविले. पहिल्या कायद्याची वैधता सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली मान्य केली. येथे हिशेबही नव्हता, तडजोडही नव्हती. केवळ माफी होती. तीतून जुने देणे सुटे, पुढल्या पावसाळ्याची खावटी मात्र सुटत नसे.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत अल्प ऋणकोंसाठी ‘नव्या प्रारंभा’चे एक प्रकरण घालण्यात आले. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांहून, मिळकत २०,००० रुपयांहून आणि पात्र देणे ३५,००० रुपयांहून अधिक नसावे, अशा त्याच्या अटी आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये संहितेचा व्यक्तिविषयक भाग अमलात आला तो केवळ कंपन्यांच्या कर्जास जामीन राहणाऱ्यांपुरता. अल्प ऋणकोंच्या प्रकरणात आणखी एक अट आहे : अर्जदाराच्या मालकीचे राहते घर असता कामा नये, मग ते गहाण असो वा नसो. पडघ्याच्या आसपास स्वतःच्या गावठाणात चार भिंतींचे घर बांधून राहिलेला मजूर या अटीपाशीच अडतो.