शस्त्राआधीं हांक

रात्रीं घरांत अनोळखी पाऊल वाजावें, घरधन्याच्या हातीं शस्त्र असावें आणि समोर अंधारांत केवळ एक आकृति दिसावी. अशा वेळीं त्यानें काय करावें, हा प्रश्न फार जुना आहे. इ. स. पूर्वीं ४५० च्या सुमारास बारा फलकांवर लिहिलेल्या रोमन कायद्यानें रात्रीच्या चोरास ठार मारणें न्याय्य मानिलें. दिवसाच्या चोरास मात्र, त्यानें शस्त्र चालविल्यावांचून, मारतां येत नसे. आणि तेव्हांही घरधन्यानें आधीं ओरडून लोकांस साक्षी करावें, असा दंडक होता. उजेडांत ओळख पटते आणि मदतही मिळते. अंधारांत दोन्ही दुर्लभ, हाच या भेदाचा अर्थ.

इंग्लंडांत १६०४ सालीं सेमेनच्या खटल्यांत, ज्याचें घर तो त्याचा किल्ला, हें तत्त्व मांडलें गेलें. पण त्याच निकालानें राजाच्या अंमलदारासही दार फोडण्यापूर्वीं हांक देऊन कारण सांगण्यास बांधलें. १८६० च्या भारतीय दंडसंहितेनें रात्रीं घरफोडी करणाऱ्याचा प्रसंगीं प्राण घेण्याचीही मुभा घरधन्यास दिली. परंतु इजा बचावापुरतीच असावी, आणि सरकारी मदत मिळण्याइतका अवकाश असल्यास हा हक्क उरत नाहीं, असें बजाविलें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतही हीं बंधनें कायम आहेत.

घर किल्ला खरा. परंतु किल्लेदार न्यायाधीश नव्हे. पळत्या चोराच्या पाठींत घातलेली गोळी हें रक्षण नसून शिक्षा होय. आणि अंधारांतील आकृति कधीं घरचीच असते. रोमन घरधन्याची ती हांक म्हणूनच शस्त्राच्या आधीं यावी.