कूस बदलण्याचा इतिहास

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्यात रोवणीचे दिवस आले की घरातली धडधाकट माणसे दिवसभर धानाच्या बांधीत असतात. लकवा होऊन अंथरुणाला खिळलेली आजी मात्र सकाळी जशी निजवली, तशीच संध्याकाळपर्यंत पडून राहते. काही दिवसांत माकडहाडावरची कातडी लाल होते, मग काळी पडते, फुटते. घरचे म्हणतात, आजारच तसा!

एकोणिसाव्या शतकात मोठमोठे डॉक्टरही हेच म्हणत. पॅरिसचे नामवंत मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांच्या मते मज्जारज्जूला इजा झाली की त्वचेच्या पोषणात बिघाड होई आणि असा व्रण टळत नसे. वास्तविक त्यांच्या आधीच, १८५० च्या दशकात, ब्राउन-सेकार यांनी मज्जारज्जू कापलेले गिनीपिग स्वच्छ ठेवून, त्यांच्या अंगावर एकाच जागी दाब पडू न देता, व्रण टाळून दाखवले होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनेही १८६० च्या सुमारास हा दोष बहुधा आजाराचा नसून शुश्रूषेचा असल्याचे लिहिले. पण परिचारिकेचे ऐकतो कोण?

यामागचे कारण वर्गातच दाखवता येते. बोटाचे नख दाबा. खालचा भाग पांढरा होतो, सोडताच पुन्हा लाल. दाबामुळे केशवाहिन्यांतले रक्त थांबले होते. १९३० साली लँडिस यांनी नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांतला दाब मोजला. रक्त आत शिरते त्या टोकाला तो सरासरी पाऱ्याच्या ३२ मिलिमीटर भरला. माकडहाड, खुबा, टाच येथे हाड आणि गादी यांच्यात चेपलेल्या कातडीवर याहून जास्त दाब सहज येतो. निरोगी माणूस झोपेतही कूस बदलतो; आजीला ते जमत नाही.

जर्मनीतून परागंदा झालेले डॉ. लुडविग गुटमान यांनी १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात कण्याला जखम झालेल्या सैनिकांना रात्रंदिवस दर दोन तासांनी वळवायला लावले. पूर्वी असे बहुतेक सैनिक व्रणांतल्या आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने मरत. आता ते जगू लागले. १९४८ साली गुटमान यांनी त्यांचे धनुर्विद्येचे सामने भरवले, त्यांतूनच पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळवले, ते याच स्पर्धेत.

दोन तास हा आकडा काही दैवी नाही. गादी आणि रोग्याची प्रकृती पाहून हल्ली तो कमीजास्त करतात. लाल डाग दाबूनही पांढरा होत नसेल, तर तेथे व्रणाची सुरुवात झाली असे समजावे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तेथे हाताला ऊब किंवा कडकपणा लागतो का ते पाहावे. त्या जागी चोळू नये. रबरी कडेही नको, त्याच्या काठानेच रक्त अडते.

रोवणीच्या दिवसांत शाळेच्या मधल्या सुटीत नववी-दहावीतली दोन मुले घरी जाऊन हे काम करू शकतील. आजीखालच्या चादरीला दोन्ही बाजूंनी धरून तिला अलगद उचलावे व कुशीवर करावे. ओढू मात्र नये. ओढल्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या ताणून बंद होतात.