अकबराच्या पत्त्यांतला कारकून

आमचे चिरंजीव गेल्या दिवाळीपासून एका राज्याचे सेनापती आहेत. हे राज्य त्यांच्या आईच्या मोबाईलमध्ये आहे. तिथे सात डोंगर, एक बोलणारा वाघ आणि निळ्या केसांची एक बाई आहे. बाईंचा हुद्दा मी अजून विचारलेला नाही. परवा चिरंजीवांनी सहज विचारलं, "बाबा, तुम्ही कितव्या लेव्हलला?"

"पहिल्या," मी म्हणालो. "बावीस वर्षं झाली."

खोटं नाही. बँकेत प्रमोशन म्हणजे बदली, बदली म्हणजे शेवगाव सोडायचं, आणि घरी आई अंथरुणाला खिळलेली. दोनदा लेखी नकार देऊन मी कारकून राहिलो. तक्रार नाही. पण पोरानं "अरेरे" असं जे तोंड केलं ते लागलं, आणि माणसं या खोट्या राज्यांत एवढी का रमतात याचा छडा लावायला मी बसलो.

पहिलाच धागा माझ्या पथ्यावर पडला. आपण योद्धा किंवा मांत्रिक व्हायचं, फासे टाकून राक्षसांशी लढायचं आणि पायरीपायरीनं मोठं व्हायचं, हा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ १९७४ साली अमेरिकेत छापून निघाला. तो रचणाऱ्या दोघांपैकी गॅरी गायगॅक्स हे गृहस्थ पूर्वी विमा कंपनीत नोकरीला होते! दिवसभर फायलींत डोकं घातलेल्या माणसाला संध्याकाळी तलवार लागायचीच. (मला चहा पुरतो.) पण खरी मौज तलवारीत नाही. राक्षस मारला की गुण मिळतात, गुण साठले की पायरी चढते, आणि मधे कुणा साहेबाचा गोपनीय अहवाल आडवा येत नाही. असं राज्य मलाही चालेल.

आणि हे वेड काही अमेरिकेतून आलेलं नाही. बाबरानं १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा, म्हणजे खेळायचे पत्ते, पाठवले. तशी नोंद त्यानंच करून ठेवली आहे. पुढे नातवाच्या, अकबराच्या काळात अबुल फझलनं 'ऐन-ए-अकबरी'त या पत्त्यांचं वर्णन केलं. जुना डाव बारा रंगांचा, १४४ पत्त्यांचा. एक राजा घोड्यांचा धनी, एक हत्तींचा, एक जहाजांचा, एक सापांचा; एक रंग देवांचा, एक राक्षसांचा. मोबाईलमध्ये याहून निराळं काय आहे? निळ्या केसांची बाई तेवढी जास्त.

अकबरानं मात्र या पत्त्यांत फेरफार केले. त्याच्या डावात एक रंग 'बरात', म्हणजे सरकारी कागदपत्रांचा. राजा फर्मानं तपासतो आहे, वजीर दप्तर पुढ्यात घेऊन बसला आहे, आणि खालच्या पत्त्यांवर कागद करणारा, ओळी आखणारा, बांधणी करणारा आणि, वाचकहो, सावरून बसा, दप्तरात नोंदी करणारा कारकून! पदरी हत्ती, घोडे, साप आणि राक्षस असताना बादशहाला करमणुकीसाठी कारकून लागला. हे वाचून मी उठून दोन पेले पाणी प्यालो.

आमच्या मुलखात रुजली ती दशावतारी गंजिफा. तीत कारकुनाला थारा नाही. दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, असे १२० गोल पत्ते. सावंतवाडीच्या चिताऱ्यांचा हा हात. कला मरणपंथाला लागली तेव्हा, १९७०च्या सुमाराला, शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती उचलून धरली. या खेळात दिवसा पहिली उतारी रामाची, रात्री कृष्णाची. एक भर दुपारी जन्मला, दुसरा मध्यरात्री, म्हणून. बाहेर किती वाजले यावर आतला देव ठरतो! खोटं राज्य खरं वाटायला आणखी काय हवं? शिवाय पाच रंगांत प्रधानाखाली दश्शी मोठी, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा आणि दश्शी तळाला. हा नियम वाचल्यावर मी सावंतवाडीहून डबा मागवला.

मागच्या महिन्यात रात्री वीज गेली आणि मोबाईलनं मान टाकली. डबा निघाला. तिघांना चाळीस-चाळीस पत्ते, तेही गोल, हातात मावेनात. रात्रीची वेळ, म्हणून कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी. तो निघाला सौभाग्यवतींकडे. (आमच्याकडे उतारी दिवसाही त्यांचीच.) शेवटी शेवटी चिरंजीवांनी मोठ्या ऐटीत एक दश्शी टाकली. त्या रंगाचे राजा-प्रधान केव्हाच पडून गेले होते. मी हळूच एक्का ठेवला.

"एक्क्यानं दश्शी कशी मारता?"

"रंग बघ."

त्यानं पत्ता मेणबत्तीजवळ नेऊन बराच वेळ न्याहाळला. आतल्या खोलीतून आईनं विचारलं, "कोण जिंकलं रे?"

"हा हात बाबांचा, आजी," चिरंजीव म्हणाले, आणि दश्शी माझ्याकडे सरकवून हातातले पत्ते पुन्हा एकदा नीट लावू लागले.