अनवाणी पायांपासून कार्बनच्या पट्टीपर्यंत

१९६० सालच्या १० सप्टेंबरची रात्र. रोममध्ये कॉन्स्टंटाइनच्या कमानीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सैनिक मशाली धरून उभे होते. त्या उजेडातून इथिओपियाच्या सम्राटाचा एक अंगरक्षक धावत आला आणि मॅरॅथॉन जिंकला. वेळ २ तास १५ मिनिटे १६ सेकंद! पण लोकांच्या लक्षात राहिले ते त्याचे पाय. अबेबे बिकिला अनवाणी धावला होता. चार वर्षांनी टोकियोत त्याने बूट घातले आणि २ तास १२ मिनिटे ११ सेकंदांत पुन्हा सुवर्णपदक मिळविले. ही तीन मिनिटे बुटांची की बिकिलाची, असे तेव्हा कोणी विचारले नसावे. बूट हा तळव्याचे रक्षण करणारा साधा नोकर होता.

हा नोकर यजमानाच्या बरोबरीने बसू लागला तो २०१६ साली. रिओ ऑलिंपिकच्या मॅरॅथॉनमध्ये पहिल्या तिघांनीही नायकीचे, बाजारात न आलेले बूट घातले होते, हे मागाहून उघड झाले. २०१७ साली कोलोरॅडो विद्यापीठातील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खर्च नायकीनेच सोसला होता. अठरा धावपटूंना या बुटांनी सरासरी चार टक्के ऊर्जा कमी लागली.

यातली मेख काय? तळव्यात कार्बनच्या तंतूंची ताठ, वक्र पट्टी असते. पण पट्टी स्वतः बळ निर्माण करीत नाही. खरी करामत तिच्याभोवतीच्या हलक्या, लवचिक फेसाची. त्या प्रयोगात दाबलेल्या तळव्याने ८७ टक्के ऊर्जा परत दिली. जुन्या शर्यतीच्या बुटाने सुमारे ६५ टक्केच. पट्टी तळव्याला ताठपणा देते आणि बोटांच्या सांध्यांतील वाकणे कमी करते.

२०१९ साली शिकागोत केनियाच्या ब्रिजिड कोसगेईने असेच बूट घालून २ तास १४ मिनिटे ४ सेकंद ही वेळ दिली. पॉला रॅडक्लिफचा सोळा वर्षांचा विक्रम मोडला. तेव्हा मात्र तो जुना न विचारलेला प्रश्न सर्वांच्या ओठांवर आला. ३१ जानेवारी २०२० रोजी जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने रस्त्यावरील शर्यतींसाठी मर्यादा घातली : तळवा ४० मिलिमीटरहून जाड नको आणि ताठ पट्टी एकच हवी.

वाचकहो, तुमच्या घरातील एखादा उत्साही मुलगा हे बूट रोजच्या सरावाला मागेल, तेव्हा त्याला पैठणीचा दाखला द्या. पैठणी नेसून कोणी धुणे धूत नाही. शर्यतीचा बूट हलका, महाग आणि नाजूक. सरावाचा जड, पण टिकाऊ. शिवाय २०२३ साली एका वैद्यकीय निबंधात, पट्टीचे बूट वापरणाऱ्या पाच धावपटूंच्या पायाच्या मधल्या भागातील एका लहान हाडाला झालेल्या इजा नोंदविल्या गेल्या. पाच जणांवरून सिद्धान्त होत नाही, पण सावधगिरी शहाणपणाची. सराव साध्या बुटात व्हावा, शर्यतीच्या आधी थोडी ओळख या बुटाची करून घ्यावी आणि मग त्याला खास दिवसासाठी राखून ठेवावे.

एवढे मात्र खरे, की चार टक्के बूट देतो, पण उरलेले शहाण्णव टक्के पहाटे उठणाऱ्यालाच मिळवावे लागतात. बिकिलाने रोममध्ये तेवढे तर अनवाणीच मिळविले होते!