शब्द कुठे तोडायचा?

इंग्रजीतला लांबलचक शब्द समोर आला, की मुले अडखळतात. मग आपण सांगतो, 'तुकडे पाडून वाच.' पण तुकडे नेमके कुठे पाडायचे? या प्रश्नावरून दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका तरुण शिक्षकाने प्रचलित पाठ्यपुस्तकाशी वाद घातला होता.

तेथील शाळांतून त्या वेळी टॉमस डिलवर्थ या इंग्रज शिक्षकाचे, १७४० मध्ये प्रथम निघालेले पुस्तक चालत असे. लॅटिनच्या परंपरेतून आलेला त्यातला नियम असा, की दोन स्वरांमधले व्यंजन पुढच्या स्वराला जोडायचे. त्यानुसार 'हॅबिट' या शब्दाचे तुकडे होत 'एच-ए' आणि 'बी-आय-टी'. पहिला तुकडा सुटा पाहिला, की मूल 'हे' म्हणणार आणि शब्द 'हेबिट' होणार! 'नेशन'चे तर तीन तुकडे पाडले जात. उच्चारात मात्र दोनच आहेत.

नोआ वेबस्टर १७८२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील गोशेन गावी शाळा चालवत होता. १७८३ मध्ये त्याने स्वतःचे पुस्तक काढले. त्याचे म्हणणे साधे होते: शब्द कानाला जिथे तुटतो, तिथेच कागदावर तोडा. म्हणून 'हॅब-इट', आणि शेवटचे 'शन' अखंड. शब्दांचे तक्ते त्याने तुकड्यांची संख्या आणि आघाताची जागा पाहून लावले. निळ्या पुठ्ठ्याच्या या पुस्तकाच्या पुढे कोट्यवधी प्रती खपल्या.

आघाताचे महत्त्व एका जोडीवरून कळेल. 'फोटोग्राफ'मध्ये आघात पहिल्या तुकड्यावर, आणि 'जी' हे अक्षर 'ग्राफ'मध्ये जाते. 'फोटोग्राफी' या शब्दाचा इंग्रजी उच्चार 'फ-टॉग-र-फी' असा. आघात दुसऱ्या तुकड्यावर सरकतो आणि 'जी'लाही मागे ओढतो. केवळ अक्षरे मोजून हे कळणार नाही.

मात्र वेबस्टरच्या रीतीत एक गृहीत दडलेले आहे. त्याच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या कानात इंग्रजी शब्द घरीच पडलेला होता. आपल्या वर्गातल्या अनेक मुलांना तो प्रथम भेटतो तो फळ्यावर. जो शब्द ऐकलाच नाही, तो कानाने कसा तोडायचा? म्हणून आपल्याकडे क्रम असा हवा: शिक्षकाने शब्द आधी आघातासह स्पष्ट म्हणावा, मुलांनी टाळ्या वाजवून तुकडे मोजावेत, आणि मगच पेन्सिलीने रेघा ओढाव्यात.