शाळेच्या सुरक्षा आराखड्यात मुलांच्या मनाचं काय? हैदराबादचा धडा, नियम आणि पालकांनी विचारायचे प्रश्न

हैदराबाद : गेटवरचा वॉचमन, सीसीटीव्ही, आग विझवायचे सिलिंडर, स्कूल बसचं फिटनेस. शाळेची सुरक्षा म्हटलं की पालक एवढं हमखास बघून घेतात. निकालाच्या धास्तीने खचलेल्या पोराकडे कोण बघणार, त्याला कुठे न्यायचं, घरी फोन कुणी करायचा, हे मात्र अनेक शाळा-कॉलेजांत कुठेच लिहिलेलं नसतं. सीमाभागातली पुष्कळ मुलं दहावीनंतर हैदराबादच्या हॉस्टेलमध्ये राहून शिकतात, त्यामुळे हा विषय नांदेड, लातूर, चंद्रपूरच्या घरांचाही आहे.

२०१९ चा निकाल

तेलंगणात अकरावी-बारावीला इंटरमीजिएट म्हणतात. १८ एप्रिल २०१९ रोजी या परीक्षेचा निकाल लागला. सुमारे साडेनऊ लाख विद्यार्थी परीक्षेला बसले होते आणि तीन लाखांहून अधिक नापास झाले. गुणांच्या नोंदीत गोंधळ झाल्याच्या तक्रारी लगेच सुरू झाल्या. पुढच्या काही दिवसांत राज्यात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आपलं आयुष्य संपवलं.

महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या मंचेरियाल जिल्ह्यातल्या एका हुशार मुलीला तेलुगूत शून्य गुण दाखवले होते. पेपर पुन्हा तपासला तेव्हा ते ९९ निघाले. सरकारने त्रिसदस्यीय समिती नेमली आणि नापास झालेल्या सर्वांचे पेपर फुकट फेरतपासायला घेतले. त्यात हजाराहून अधिक मुलं पास ठरली.

चूक तांत्रिक होती, ती दुरुस्तही झाली. पण निकाल आणि दुरुस्ती यांच्या मधल्या दिवसांत खचलेल्या मुलांना धरून ठेवणारी यंत्रणा नव्हती. पूर, भूकंप सांगून येत नाहीत. निकालाची तारीख मात्र आधी जाहीर होते. म्हणजे हा धोका कधी वाढणार, हे शाळेला आधीपासून ठाऊक असतं. त्याची तयारी आराखड्यात हवी, ती याचसाठी.

आगीचे नियम आले, तसेच हेही

तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत १६ जुलै २००४ रोजी लागलेल्या आगीत ९४ मुलं गेली. त्यानंतर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या शाळांना अग्निसुरक्षेची साधनं आणि कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण बंधनकारक केलं. मानसिक आरोग्याच्या बाबतीत तसा आदेश यायला २०२५ साल उजाडलं.

विशाखापट्टणमच्या हॉस्टेलमध्ये राहून नीटची तयारी करणारी पश्चिम बंगालची १७ वर्षांची मुलगी २०२३ मध्ये दगावली. तिच्या वडिलांच्या याचिकेवर २५ जुलै २०२५ रोजी न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. कायदा होईपर्यंत त्या शाळा, कॉलेज, कोचिंग क्लास आणि हॉस्टेल या सगळ्यांना लागू आहेत. त्यातल्या पालकांच्या कामाच्या सूचना अशा :

• १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं.

• मार्कांवरून मुलांच्या वेगळ्या बॅच पाडायच्या नाहीत, चारचौघांत अपमान करायचा नाही.

• शिक्षक आणि इतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं.

• हेल्पलाइनचे नंबर वर्गात, हॉस्टेलमध्ये आणि वेबसाइटवर ठळक लावायचे.

• देखरेखीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती असेल.

त्याआधी २०२३ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने 'उम्मीद' नावाचा मसुदा काढला होता. मुख्याध्यापकांच्या नेतृत्वाखाली शाळेत 'स्कूल वेलनेस टीम' असावी, रिकाम्या वर्गखोल्यांना कुलूप आणि अंधाऱ्या पॅसेजमध्ये दिवे असावेत, असं त्यात सुचवलं आहे. म्हणजे इमारतीची सुरक्षा आणि मनाची काळजी एकाच आराखड्यात बसते.

आराखड्यात नेमकं काय लिहायचं?

'समुपदेशनावर भर दिला जाईल' या एका ओळीने काम भागत नाही. आग लागल्यावर घंटा कुणी वाजवायची हे ठरलेलं असतं, तसंच इथेही नावानिशी ठरलेलं हवं.

निकालाआधी : कोणत्या मुलांकडे जास्त लक्ष द्यायचं याची गोपनीय यादी, पालकांची बैठक, पुरवणी परीक्षेची माहिती. नापास झालं तरी वर्ष वाचू शकतं, हे मुलाला निकालाच्या आधीच ठाऊक असावं.

निकालाच्या दिवशी : शिक्षक आणि समुपदेशक हजर. नापास किंवा फार कमी गुण मिळालेल्या प्रत्येक मुलाच्या घरी फोन. हॉस्टेलच्या मुलाला एकटं सोडायचं नाही. टॉपरचे बॅनर थोडे थांबले तरी चालतात.

निकालानंतर : किमान दोन आठवडे पाठपुरावा. फेरतपासणीचा अर्ज भरायला मदत.

दुर्दैवाने काही घडलंच तर : घटनेचे तपशील आणि फोटो पसरू द्यायचे नाहीत. त्या मुलाच्या जवळच्या मित्रांशी, भावंडांशी आधी बोलायचं. अफवा बंद होतील अशी खरी माहिती शाळेने एकाच माणसाच्या तोंडून द्यायची.

भाषेचा मुद्दा

देगलूर, धर्माबादहून गेलेल्या मुलाला हैदराबादेत तेलुगू कळायला लागायलाच काही महिने जातात. मनातलं बोलायचं तर आपलीच भाषा लागते. त्यामुळे मराठी किंवा निदान हिंदी समजणारा समुपदेशक कोण, याचीही नोंद आराखड्यात हवी. केंद्राची 'टेली मानस' हेल्पलाइन १४४१६ ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती फुकट आहे, चोवीस तास चालते आणि तिथे भाषा निवडता येते. उपचारांची गरज पडली तर एर्रागड्डा इथे सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे.

हा प्रश्न फक्त तेलंगणाचा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या १३,०४४ विद्यार्थी आत्महत्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातल्या होत्या. हा आकडा कोणत्याही राज्यापेक्षा जास्त आहे. त्याच वर्षी एनसीईआरटीच्या सुमारे पावणेचार लाख विद्यार्थ्यांच्या पाहणीत ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही चिंतेची कारणं सांगितली.

अ‍ॅडमिशन घेताना हे विचारा

१. समुपदेशक कोण, शिक्षण काय, आठवड्यातून किती दिवस येतात?

२. मार्कांवरून बॅच पाडता का?

३. रात्री हॉस्टेलमध्ये जबाबदार माणूस कोण आणि त्याला प्रशिक्षण दिलंय का?

४. मुलाला घरी फोन करायला किती वेळा परवानगी?

५. निकालाच्या दिवशी तुमची व्यवस्था काय?

फीच्या पावतीइतकीच ही उत्तरंही लेखी मागा. उत्तर टाळलं किंवा नियम पाळले जात नसतील, तर हॉस्टेल ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. त्यासाठी त्या राज्याचे रहिवासी असायची गरज नाही.

घरच्यांनीही लक्ष ठेवावं. मूल एकदम अबोल झालं, जेवण-झोप बिघडली, आवडीच्या वस्तू वाटून टाकायला लागलं किंवा 'मी नसलो तर बरं होईल' असं बोललं, तर 'नाटकं करू नको' म्हणू नका. शांतपणे थेट विचारा, जवळ बसा, एकटं सोडू नका आणि डॉक्टरांची वेळ घ्या. जवळ कुणी नसेल तर लगेच १४४१६ लावा. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी चाइल्डलाइन १०९८ सुद्धा आहे. दोन्ही नंबर महाराष्ट्रात आणि तेलंगणात चालतात. मुलाच्या फोनमध्ये ते आजच सेव्ह करून द्या.